एक कुत्रं, तीन अर्ज

बावन्न वर्षांत साहेबराव साळवे यांच्या दारात कुत्रं नाही असा एकही दिवस गेला नव्हता, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा एकही माणूस बदनापूरच्या नवजीवन कॉलनीत उरला नव्हता. धावड्याच्या शेतात वडिलांनी राखणीला ठेवलेल्या काळ्या कुत्र्यापासून त्यांची मोजणी सुरू व्हायची. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होत गेल्या त्या त्या गावची कुत्री रांगेनं यायची, आणि सगळ्यात शेवटी सध्याच्या सम्राटवर येऊन साहेबराव पाणी प्यायचे.

मुख्याध्यापक निवृत्त झाला की त्याची मोठी अडचण होते. सकाळच्या प्रार्थनेनंतर दोन शब्द सांगायची तीस वर्षांची सवय असते आणि समोरची रांग अचानक नाहीशी होते. साहेबरावांनी ही अडचण कुत्र्यांवर भागवली. कॉलनीत कुणाकडे पिल्लू आलं की दुसऱ्या दिवशी साहेबराव तिथं चहाला हजर. कप रिकामा होईस्तोवर पिल्लाला काय द्यावं, काय देऊ नये, जंताचं औषध कधी, अंघोळ कधी, हे सगळं सांगून व्हायचं. पुढं पुढं त्यांनी 'श्वानसंगोपनाचे अकरा नियम' असा एक कागदच तयार केला आणि त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. जेवण दोनच वेळा आणि ठरल्या वेळी. गोड नाही, तळलेलं नाही, कोंबडीचं हाड तर मुळीच नाही. पाण्याचं भांडं रोज घासावं. माणसाचा साबण कुत्र्याला लावू नये. गोचीड दिसली तर चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढावी, त्यावर रॉकेल ओतू नये. शेवटचा अकरावा नियम होता, 'शिस्त हेच खरे प्रेम होय', आणि तो पूर्वी शाळेच्या भिंतीवर मुलांसाठी लिहिलेला होता.

सम्राट हे विटकरी रंगाचं गावरान कुत्रं. निवृत्तीच्याच वर्षी पिल्लू असताना ते स्वतःहून फाटकातून आत आलं आणि राहिलं. संध्याकाळी साहेबराव ओट्यावर बसून कुणाला नियम समजावू लागले की सम्राट शेजारी बसून मान जोरजोरात हलवायचा. साहेबरावांना तो होकार वाटायचा.

"त्याला पटत न्हाई तुमचं," आतून सगुणाबाई म्हणायच्या.

साहेबराव तिकडं लक्ष द्यायचे नाहीत. बायको आणि शिक्षणाधिकारी यांच्या शेऱ्यांना उत्तर द्यायचं नसतं, हे त्यांनी नोकरीतच ठरवून टाकलं होतं.

सगळं प्रकरण सुरू झालं ते ढोरांच्या दवाखान्यातल्या वजनकाट्यावर. साहेबराव सम्राटला वर्षाची रेबीजची लस द्यायला घेऊन गेले होते. शेळ्या-वासरांच्या गर्दीत आपला नंबर लागेपर्यंत त्यांनी तिथल्या दोघा शेतकऱ्यांना एकेक झेरॉक्स दिली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सम्राटला काट्यावर उभं केलं आणि आकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"बत्तीस किलो," ते म्हणाले. "सर, ह्या अंगाचं गावरान कुत्रं वीस-बावीसच्या वर जाऊ नये. खायला काय देता?"

"सकाळी एक भाकर, रात्री एक भाकर. वरण किंवा ताक. मोजून."

डॉक्टर हसले. ते हसू साहेबरावांनी लगेच ओळखलं. 'गृहपाठाची वही शेळीनं खाल्ली' असं सांगणाऱ्या पोरांकडे पाहून त्यांनी स्वतः तीस वर्षं तेच हसू वापरलं होतं.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "लाड जरा कमी करा. आणि चालवा रोज."

बाहेर बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनी हे ऐकलं आणि हातातल्या झेरॉक्सची घडी घालून खिशात टाकली. साहेबरावांना ती घडी फार लागली.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. भाकर एकाची पाऊण झाली. सकाळी पाचाला आणि संध्याकाळी पाचाला सम्राटच्या गळ्यात साखळी, साहेबरावांच्या पायात कॅनव्हासचे बूट, आणि दोघं जालना रस्त्यानं कृषी संशोधन केंद्राच्या कुंपणापर्यंत जाऊन परत. महिनाभर एक दिवस चुकला नाही. वाटेत भेटेल तो सल्ला द्यायचा. एकानं कुत्र्याला थायरॉईड असल्याचं सांगितलं. एक म्हणाला नजर लागली आहे, काळा दोरा बांधा. तिसऱ्यानं, "सर, रिटायर झाल्यावर पोट सुटतंच," असं म्हटलं तेव्हा तो कुणाबद्दल बोलतोय हे साहेबरावांना कळलं नाही.

महिन्यानं पुन्हा काटा झाला. साहेबराव चार किलोंनी उतरले होते. सम्राट तेहेतीस भरला.

"ते बाहेर खातंय," सगुणाबाई म्हणाल्या.

"सम्राट दुसऱ्याच्या हातचं खात नाही," साहेबराव शुद्ध भाषेत म्हणाले. दुखावले की ते शुद्ध बोलत. "ती शिकवण आहे त्याला."

"मंग वाऱ्यावर फुगून राह्यलंय का?"

साहेबराव रोज एक ते चार झोपत. त्या दिवशी ते झोपले नाहीत. दुपारी सव्वाला सम्राट उठला, अंग ताणलं, मालक झोपल्याची खात्री करावी तसा खिडकीखाली क्षणभर थांबला आणि फाटकाच्या फटीतून बाहेर पडला. साहेबराव छत्री उघडून मागे निघाले. उन्हात, निवृत्त मुख्याध्यापकानं, विजेच्या डीपीआडून डीपीआड लपत कुत्र्याचा पाठलाग करायचा ही काही शोभेची गोष्ट नव्हती. दोन ठिकाणी बायकांनी, "काय हरवलं का सर?" असं विचारलं. साहेबरावांनी दोन्हीकडे, "नाही, शतपावली," असं सांगितलं.

सम्राट मागच्या गल्लीत मच्छिंद्रच्या घरासमोर थांबला. मच्छिंद्रचं खत-बियाणांचं दुकान होतं आणि तो दुपारी जेवायला घरी यायचा.

"आला का गब्ब्या," मच्छिंद्र पायरीवर ताट घेऊन बसला होता. त्यानं अख्खी भाकर पिठल्यात कुस्करून समोर ठेवली. सम्राटनं ती खाल्ली. मग मच्छिंद्रनं वर तेलात तळलेला पापड टाकला. सम्राटनं तोही खाल्ला. नियम दुसरा.

साहेबराव छत्री मिटून पुढे झाले. "मच्छिंद्र, हे काय चाललंय?"

"या सर, जेवा. कुत्र्याला टाकून राह्यलो."

"माझ्या कुत्र्याला."

मच्छिंद्रचा घास हातातच राहिला. "हे कुत्रं आमचं हाय की सर. तीन वर्षं झाली. ह्याच्या जिवावर तर मी गेट उघडं ठेवतो. यंदा तीर्थपुरीला सासुरवाडीत लसीचं शिबिर होतं, तवा गाडीत घालून नेऊन इंजेक्शन बी देऊन आणल्तं."

"याचं नाव सम्राट आहे."

"गब्ब्या," मच्छिंद्र म्हणाला. कुत्र्यानं शेपूट हलवली. मग साहेबरावांनी सम्राट म्हणून हाक मारली, तेव्हाही त्यानं तेवढीच हलवली, ना एक इंच कमी, ना एक इंच जास्त.

बोलाचाली झाली. ती कॉलनीच्या मानानं सभ्यच होती. शेवटी मच्छिंद्र म्हणाला, "मला काय इचारता सर, सांजच्याला ते स्टेशनच्या गल्लीत जातंय, तिथं जाऊन इचारा."

संध्याकाळी सहाला साहेबराव स्टेशनच्या गल्लीत उभे होते. मोनाली नावाची तरुण मुलगी तिथं भाड्यानं एकटी राहायची. जालन्याच्या एका बँकेत नोकरी, रोज गाडीनं येणं-जाणं. ती स्टेशनवरून आली, तर तिच्या फाटकाशी सम्राट आधीच बसलेला. तिनं पर्स खाली ठेवून त्याच्या गळ्याला मिठी मारली.

"माझा लाडू गं तो," ती म्हणाली, आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला.

साहेबरावांनी आपली ओळख करून दिली आणि परिस्थिती सांगितली. मोनालीनं शांतपणे ऐकलं आणि मग मोबाइलवर फोटो दाखवायला घेतले. वाढदिवसाचा केक खाताना लाडू. थंडीत स्वेटर घातलेला लाडू. खासगी डॉक्टर घरी बोलावून लस घेताना लाडू.

"आणि काका, हा पट्टा मीच आणलाय," ती सम्राटच्या गळ्यातल्या लाल पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली.

पट्टा कुठून आला हा प्रश्न साहेबरावांच्या घरात कधी निघालाच नव्हता. त्यांना वाटायचं सगुणाबाईंनी आणला, आणि सगुणाबाईंना वाटायचं त्यांनी.

एवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. आठवड्याच्या वारांची वाटणी झाली असती. पण नेमकी त्याच आठवड्यात कॉलनीच्या कमिटीची नोटीस लागली. कमिटीचे सचिव रामप्रसाद. तहसीलमध्ये एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, म्हणून सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर त्यांची अडचणही साहेबरावांसारखीच होती, फक्त त्यांना रांग नको होती, अर्ज हवे होते. 'कॉलनीतील पाळीव कुत्र्यांची नोंद करणेबाबत' असा नोटिशीचा विषय होता. प्रत्येक कुत्र्यास एक अर्ज, अर्जास एक मालक, सोबत फोटो आणि लसीचा दाखला. मुदत पंधरा तारीख. मुदतीनंतर आलेला अर्ज कोणत्याही परिस्थितीत स्वीकारला जाणार नाही, या वाक्याखाली दोन रेघा.

पंधरा तारखेला रामप्रसाद यांच्यापुढे एकूण नऊ अर्ज आले. त्यांतले तीन त्यांनी बाजूला काढून चष्म्याच्या वरून, खालून आणि मधून पाहिले. सम्राट, गब्ब्या आणि लाडू. एकाच वर्षात तीन लसी घेतलेला एकच प्राणी तीन फोटोंतून त्यांच्याकडे बघत होता. रामप्रसादांना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी तिन्ही अर्जदारांना सुनावणीची नोटीस काढली.

सुनावणी रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली झाली. टेबल, खुर्ची, पेपरवेट, शिक्क्याची डबी. कॉलनीतली वीस-पंचवीस माणसं नुसती ऐकायला. सम्राट टाकीच्या खांबाला बांधलेला.

"अर्जदार क्रमांक एक," रामप्रसाद म्हणाले.

साहेबराव उठले. त्यांच्या मते हा वाद मालकीचा नव्हता, ज्ञानाचा होता. त्यांनी बावन्न वर्षांपासून सुरुवात केली आणि मग नियम एक ते अकरा स्पष्ट उच्चारात वाचले. सातव्या नियमाला, 'दर रविवारी कान तपासावेत', सम्राटनं मान जोरात हलवली. साहेबराव सभेकडे बघून म्हणाले, "पाहा."

मच्छिंद्र म्हणाला, "कुत्र्याला काय नियम असतेत का भाऊसाहेब. आपण जे खातो ते त्यानं खावं आन् रात्री भुंकावं. माझ्या घरचं खाऊन ते भुंकतं बराबर."

मोनालीनं फक्त फोन पुढे केला. स्वेटरचा फोटो सभेत हातोहात फिरला आणि जनमत बरंच तिच्या बाजूनं गेलं.

"ओळखचिन्हाचा रकाना तिघांचाही रिकामा हाय," रामप्रसाद म्हणाले. "खऱ्या मालकाला ओळखचिन्ह ठाऊक असतं."

"डाव्या कानाच्या मागे काळा ठिपका," साहेबराव चटकन म्हणाले. ठिपका त्यांनी सम्राट पिल्लू असताना पाहिला होता.

"समक्ष पाहणी करावी लागंल." रामप्रसाद उठले, सम्राटजवळ गेले, वाकले आणि सातबाऱ्याचं पान उलटावं तसा त्यांनी तो डावा कान धरून उलटा केला.

सम्राट एकदाच कळवळला आणि पुढच्याच क्षणी रामप्रसादांचा उजवा पंजा त्याच्या तोंडात होता. लगेच सुटलाही. पण चार दात उमटले होते आणि रक्त मनगटावरून शर्टाच्या बाहीत चाललं होतं.

सभेतून लगेच सल्ले सुरू झाले. मिरचीची पूड भरा. चुना लावा. तुरटी लावा. मागून एक म्हातारा म्हणाला, सात विहिरींत डोकावून या. त्यावर दुसरा म्हणाला, सात विहिरी कुठं राह्यल्या आता, सगळे बोअर हायेत, बोअरमध्ये कसं डोकावणार. यावर तिथं एक वेगळीच चर्चा सुरू झाली.

इथं मात्र साहेबरावांचा अनुभव खरोखर कामाला आला. त्यांनी कुणाचं न ऐकता रामप्रसादांना नळाखाली नेलं, साबण मागवला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. "काही भरायचं न्हाई, काही बांधायचं न्हाई. इथून थेट दवाखान्यात," ते सांगत होते.

रामप्रसाद पांढरेफटक पडले होते, पण नोंद अर्धवट सोडणारा माणूस तो नव्हता. त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं. "आधी सांगा. मालक कोण?"

मच्छिंद्र खांबाकडे बघत म्हणाला, "मी आपला उरलंसुरलं टाकायचो, भाऊसाहेब. तसं बघितलं तर ते सगळ्यांचंच हाय."

मोनालीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी भाड्यानं राहते," ती हळूच म्हणाली. "घरमालकांना हे कळलं तर..."

आता सगळे साहेबरावांकडे बघू लागले. साहेबरावांच्या मनात एक मुद्दा आला आणि तो अगदी कायदेशीर होता. सुनावणी पूर्ण झालेली नाही. निकाल लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत मालक कोणीच नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांची नजर खांबाकडे गेली. सम्राट अंग आवळून बसला होता, मान हलवत होता आणि मागच्या पायानं तोच डावा कान पुन्हा पुन्हा खाजवत होता.

ते जवळ गेले. खिशातला चष्मा काढून लावला, गुडघ्यावर बसले आणि कान खालून अलगद उचलला. आत सगळं लाल झालं होतं. तपकिरी घाण साचली होती आणि वास येत होता. काल-परवा झालेलं ते दुखणं नव्हतं. ओट्यावर बसून ते नियम सांगत होते तेव्हा हा प्राणी शेजारी बसून महिनोन् महिने दुखरा कान झाडत होता, आणि ते त्याला होकार समजत होते. रविवारी कान तपासायचं त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्यापासून सोडलं होतं. कागदावरून मात्र तो नियम काढला नव्हता.

"भाऊसाहेब," ते न उठताच म्हणाले, "लिहा. कुत्रं माझं हाय."

"साहेबराव साळवे?"

"हो. अन् चूक बी माझीच हाय. त्याचा कान नासून गेल्ता अन् मला दिसला न्हाई."

रामप्रसादांनी डाव्या हातानं वेडंवाकडं का होईना, पण मालकाचं नाव लिहिलं आणि मगच ते मच्छिंद्रच्या गाडीत बसले.

पुढचे दिवस साहेबरावांच्या अभिमानाला फार जड गेले. माणसांच्या दवाखान्यात ते रामप्रसादांसोबत तीनदा जाऊन बसले. दर वेळी नर्सबाई, "कुत्रं पाळीव का भटकं?" असं विचारत आणि दर वेळी साहेबरावांना सगळ्या बाकासमोर हात वर करावा लागे. शेवटी त्या बाई त्यांना 'चावणाऱ्या कुत्र्याचे सर' म्हणून ओळखू लागल्या. ढोरांच्या डॉक्टरांनी कान पाहिला, औषध दिलं, आणि कुत्रं दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा म्हणाले. ते हसले नाहीत. साहेबरावांना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

औषध दिवसातून दोनदा घालायचं होतं. पहिल्या दिवशी साहेबरावांनी एकट्यानं घातलं, तर निम्मं त्यांच्या बाहीत गेलं आणि निम्मं चष्म्यावर. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी मदत केली आणि औषध त्यांच्या साडीवर गेलं. तिसऱ्या संध्याकाळी मच्छिंद्र फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना.

"सर," तो म्हणाला, "धरायला माणूस हाय का?"

"न्हाई," साहेबराव म्हणाले. "ये."

त्याच्या मागोमाग मोनालीही आली. ती चप्पल काढून सम्राटसमोर मांडी घालून बसली. मच्छिंद्रनं पाय धरले, तिनं तोंड कुशीत घेऊन त्याच्याशी काहीबाही बोलायला सुरुवात केली आणि साहेबरावांनी थेंब मोजून कानात सोडले. एकही थेंब बाहेर गेला नाही. मग ते रोजचंच झालं. सगुणाबाई तिघांना चहा करायच्या आणि मच्छिंद्रच्या खिशातला पापड फाटकातच काढून घ्यायच्या. दहाव्या दिवशी सम्राट कान ताठ करून उभा राहिला. वजन केलं तर तो एकोणतीस भरला.

अकराव्या दिवशी चार वाजून गेल्यावर साहेबराव डॉक्टरांचा दाखला घेऊन रामप्रसादांच्या घरी निघाले, कारण हात बरा होईस्तोवर ते कमिटीचं काम घरूनच बघत होते. कुत्रं जिवंत आणि धडधाकट असल्याचं रामप्रसादांना समक्ष पाहायचं होतं, म्हणून सम्राटही साखळीला होता. या गल्लीत तो पूर्वी आल्याचं साहेबरावांना ठाऊक नव्हतं. पण कोपरा वळल्याबरोबर त्यानं असा जोर केला की साहेबराव धावतच रामप्रसादांच्या घरापाशी पोचले. सम्राटनं नाकानं फाटकाची कडी वर ढकलली आणि आत जाऊन तुळशीमागच्या एका विशिष्ट फरशीवर बसला.

रामप्रसादांच्या पत्नी दैवशालाबाई हातात पितळी घेऊन आतून आल्या. पितळीत दुधात कालवलेली चपाती होती आणि वर साखर.

"आलास का रे राजा," त्या म्हणाल्या. "धा दिवस वाट बघून राह्यले. वाळून गेला की पोरगं." मग त्यांना साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले सर दिसले आणि त्यांनी पदर सावरला.

दारात रामप्रसाद उभे होते. उजव्या पंजावर पट्टी, डाव्या बगलेत रजिस्टर.

"हे कधीपासून चालू हाय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही चार वाजता कमिटीत जाऊन बसता तवापासून," दैवशालाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. घरात बोलायला कुणी नगं का?"

सम्राट खात होता. पितळी फरशीवर सरकत चालली होती. साहेबरावांनी घाई केली नाही. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला, कुठं थांबायचं आणि किती, एवढं नक्की कळतं.

"भाऊसाहेब," शेवटी ते म्हणाले, "चौथा अर्ज भरायचा का?"

रामप्रसादांनी कुत्र्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि बगलेतलं रजिस्टर जरा वर ओढून घेतलं.

"मुदत संपली, सर," ते म्हणाले.